मुलांचा ऑटिझम आणि डोक्यावर लावायचं मशीन: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची निघाली. ऑटिझम असलेल्या मुलांच्या डोक्यावर मशीन लावून मेंदूला बाहेरून उत्तेजना देतात, ती ट्रीटमेंट. कुणी तिला टीएमएस म्हणतं, कुणी मॅग्नेट थेरपी, कुणी नुसतंच ‘ब्रेन स्टिम्युलेशन’. पत्रं थोडक्यात आणि नावं गाळून देत आहोत. उत्तरं आमच्या सल्लागार मंडळातल्या डॉक्टरांनी आणि थेरपिस्टनी मिळून लिहिली आहेत. ती वाचून ट्रीटमेंट ठरवू नका. तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवा.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. ‘पाणी’, ‘आई’, ‘नको’ असे मोजके शब्द बोलतो. पुण्यातल्या एका सेंटरने ‘ब्रेन मॅपिंग’ करून तीस सेशन्सचं एक लाख वीस हजारांचं पॅकेज सांगितलं आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराच्या डोक्याला शॉक देणार का? नेमकं काय करतात ते समजेल असं सांगा.
एक आई, सांगली

सासूबाईंना आधी एवढं सांगा, की हा तो शॉक नव्हे. मनोरुग्णांना देतात त्या शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन साधारण ८०० मिलिअँपियरचा प्रवाह सोडतात आणि मेंदूत मुद्दाम झटका, म्हणजे फिट, आणतात. इथे भूल नसते, आणि झटका आणायचा नसतो. उलट तो येऊ नये याचीच काळजी घ्यायची असते.

सेंटरचं मशीन दोनपैकी एका प्रकारचं असणार. कुठलं, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. बरेचदा पालकांना पावती हातात पडली तरी ते माहीत नसतं.

पहिला प्रकार टीएमएस, म्हणजे चुंबकाचा. इंग्रजी आठच्या आकाराचं कॉइल डोक्याला टेकवून धरतात. त्यातून काही हजार अँपियरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ सोडला की एमआरआय मशीनइतकं जोरदार, दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र क्षणभर तयार होतं. ते कवटीतून आरपार जातं आणि खाली मेंदूच्या पृष्ठभागात बारीकशी वीज निर्माण करतं. साधं कॉइल दोन ते तीन सेंटिमीटर खोलवर पोचतं, त्याहून खाली नाही. शेफील्डमध्ये १९८५ साली अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेव्हा उद्देश उपचाराचा नव्हता. मेंदूतून हातापर्यंत संदेश नीट पोचतो का, हे तपासायचं होतं. तीच युक्ती आजही प्रत्येक कोर्सच्या सुरुवातीला वापरतात: हात हलवणारा मेंदूचा भाग शोधायचा, दहा वेळा चुंबकाचा ठोका द्यायचा आणि दहापैकी पाच वेळा अंगठ्याचा स्नायू हलेल एवढाच जोर शोधून काढायचा. याला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. पुढचा सगळा डोस त्याच्या टक्केवारीत ठरतो.

दुसरा प्रकार टीडीसीएस. यात चुंबक नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधून त्यांतून एक ते दोन मिलिअँपियरचा सरळ प्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. एवढ्या प्रवाहाने पेशी स्वतःहून पेटत नाहीत, त्यांचा कल थोडा इकडे किंवा तिकडे झुकतो. मशीन लहान आणि स्वस्त असतं, म्हणूनच त्याचा सुळसुळाट जास्त.

ऑटिझममध्ये हे का वापरून पाहतात? रुबेनस्टाइन आणि मर्झेनिक या दोघांनी २००३ मध्ये मांडलं, की काही प्रकारच्या ऑटिझममध्ये मेंदूतल्या उत्तेजित करणाऱ्या आणि आवर घालणाऱ्या यंत्रणांचा तोल बिघडलेला असावा. आवर कमी, गोंगाट जास्त. चुंबकाचे ठोके सेकंदाला एक किंवा त्याहून संथ दिले तर तो भाग सहसा शांत होतो, पाच किंवा अधिक दिले तर चेततो. त्यावरून अमेरिकेत मॅन्युएल कॅसानोव्हा आणि सहकाऱ्यांनी कपाळामागच्या भागावर संथ ठोके देऊन पाहिले. कल्पना पटण्यासारखी आहे. पण प्रत्येक मुलाचा तोल त्याच बाजूला झुकलेला नसतो, आणि तुमच्या मुलाचा कुठल्या बाजूला आहे हे सांगणारी रोजच्या वापरातली तपासणी अजून नाही.

‘ब्रेन मॅपिंग’ ही ती तपासणी नव्हे. तो ईईजीच (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) असतो, फक्त कॉम्प्युटरने लाल-निळ्या रंगात काढून दिलेला. फिट्सचा संशय असेल तर ईईजी जरूर हवा. पण रंगीत नकाशा बघून ऑटिझमचं निदान होत नाही आणि कॉइल कुठे ठेवायचं हेही खात्रीने ठरत नाही. शिवाय सहा वर्षांचं मूल डोळे मिचकावतं, दात खातं, मान वळवतं. त्या प्रत्येक हालचालीची वीज मेंदूच्या लहरींहून कितीतरी मोठी असते. ती काढून न टाकता नकाशा बनवला तर कपाळाचा भाग हमखास लाल दिसतो. मूळ लहरींचा कागद मागा आणि तो बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आणखी एक. तीस हा आकडा ऑटिझमच्या अभ्यासातून आलेला नाही. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे हे मोठ्या माणसांच्या डिप्रेशनचं वेळापत्रक आहे. ऑटिझमच्या चाचण्यांत कुठे पाच सेशन्स आहेत, कुठे दहा, कुठे अठरा, कुठे वीस. तुमच्यासाठी तीस का, याचं उत्तर सेंटरला द्यावं लागेल.

गुण येतो का, एवढं एका शब्दात सांगा. सेंटरवाल्यांनी आलेख दाखवले, एटीईसी स्कोअर ८२ वरून ५४ वर आला, असे. खोटे तर नसतील ना?
एक वडील, डोंबिवली

खोटे नसतील. तरी त्यांवरून काही सिद्ध होत नाही, आणि हे कसं, ते सांगायला एक शब्द पुरणार नाही.

एटीईसी ही ऑटिझमच्या लक्षणांबद्दलची ७७ प्रश्नांची यादी आहे आणि ती पालक भरतात. स्कोअर कमी झाला म्हणजे लक्षणं कमी. आता बघा: पालक पॅकेज घेतात ते बहुधा मुलाचा काळ सर्वांत वाईट चालू असताना. शाळेतून चिठ्ठी आलेली असते, झोप उडालेली असते. असा काळ काही न करताही थोडाफार ओसरतो. दरम्यान मूल दोन-तीन महिन्यांनी मोठं होतं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालूच असते, रोज सेंटरला जाण्याने दिवसाला एक शिस्त लागते. वर एवढे पैसे भरल्यावर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बारीकसारीक बदलाकडे लागतं. या सगळ्याची बेरीज तुमच्या आलेखात आहे. त्यातलं मशीनचं किती, हे वेगळं काढायचं तर काही मुलांना खोटं मशीन लावावं लागतं. कॉइल तेच, आवाज तोच, पण चुंबक मेंदूपर्यंत पोचत नाही. टीडीसीएसमध्ये पहिली काही सेकंद खाज येईपर्यंत प्रवाह सोडून हळूच बंद करतात. कुणाला खरं आणि कुणाला खोटं, हे पालकांनाही माहीत नसतं आणि स्कोअर घेणाऱ्यालाही.

ही खबरदारी अवाजवी वाटत असेल तर सिक्रेटिनचं उदाहरण घ्या. पचनाशी संबंधित या संप्रेरकाचं इंजेक्शन दिल्यावर मुलं बोलू लागली अशी बातमी १९९८ च्या सुमाराला अमेरिकेत पसरली आणि हजारो मुलांना ते टोचलं गेलं. १९९९ मध्ये रीतसर चाचणी झाली: २८ मुलांना सिक्रेटिन, २८ मुलांना नुसतं खारं पाणी. दोन्ही गट सुधारले, आणि दोन्हींत फरक काही नव्हता. पण खरी बोलकी गोष्ट पुढची आहे. हा निकाल सांगितल्यावरही त्यातल्या ६९ टक्के पालकांनी सिक्रेटिनमध्ये रस असल्याचं सांगितलं. पालकांना यात दोष देण्यासारखं काही नाही. सुधारणा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

आता मेंदूच्या उत्तेजनेबद्दल. खोट्या मशीनशी तुलना करून झालेल्या चाचण्यांचं चित्र संमिश्र आहे. थायलंडमध्ये ५ ते ८ वर्षांच्या २० मुलग्यांवर १ मिलिअँपियरचं टीडीसीएस रोज २० मिनिटं असं पाच दिवस दिलं; २०१४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात खऱ्या प्रवाहाच्या आठवड्यात स्कोअर जास्त सुधारले. मुलं वीसच, आणि पाठपुरावा काही दिवसांचाच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पीटर एंटिकॉट यांच्या गटाने २८ मोठ्या माणसांवर खोलवर जाणारं टीएमएस वापरलं. लोकांशी जोडून घेण्यातली अडचण त्या मंडळींनी स्वतःच कमी झाल्याचं सांगितलं. याउलट तैवानमध्ये ७८ मुलामुलींवर, म्हणजे बऱ्याच मोठ्या गटावर, वेगवान ठोक्यांचं टीएमएस चार आठवडे दिलं, तेव्हा खऱ्या आणि खोट्या मशीनमध्ये फरक दिसला नाही. टोरांटोतल्या २०२० च्या चाचणीत १६ ते ३५ वयाच्या ४० जणांना वीस सेशन्स दिली. कामाची आखणी आणि स्मरण सुधारतं का, हे पाहायचं होतं. एकूण गटात तिथेही फरक नाही. ज्यांना रोजचे व्यवहार जास्त जड जात होते अशांच्यात काहीसा फायदा दिसला, पण ती पुढच्या चाचणीसाठीची खूण झाली, निकाल नव्हे.

तुमचा मुलगा किती बोलतो ते पत्रात नाही. बोलत नसेल तर हे ध्यानात ठेवा, की टीएमएसच्या चाचण्यांतली बहुतेक मंडळी बोलणारी, सूचना समजणारी, खुर्चीत बसू शकणारी होती. न बोलणाऱ्या लहान मुलाबद्दलचा पुरावा त्याहूनही तोकडा आहे. जाहिरात मात्र सर्वांत जास्त त्यांच्याच पालकांना उद्देशून असते.

तेव्हा आमचं मत असं: ही संशोधनाची गोष्ट आहे, गंभीर माणसं त्यावर काम करत आहेत आणि पुढे त्यातून काही हाती लागूही शकेल. पण आज लाखभर रुपये घेऊन विकण्याजोगी ती नाही. आणि ज्या सेंटरमध्ये या ट्रीटमेंटच्या जोडीला स्टेम सेल (मूळपेशी) उपचारही सुचवतात तिथून सरळ उठून या. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मुलीला तीन वर्षांची असताना तापात फिट आली होती, नंतर ताप नसतानाही दोनदा. सध्या व्हॅल्प्रोएट चालू आहे, दीड वर्षात फिट नाही. सेंटरचे लोक म्हणतात, काही होत नाही. करावं का?
एक आई, नाशिक

संशोधनाच्या चाचणीबाहेर, पैसे भरून: नाही.

टीएमएसमुळे फिट येणं दुर्मीळ आहे, नियम पाळले तर दहा हजार सेशन्समागे एकाहूनही कमी. पण हे आकडे मुख्यतः अशा लोकांचे, ज्यांना आधी कधी फिट आलेली नाही. ऑटिझममध्ये अपस्मार सर्वसाधारण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो; निरनिराळ्या पाहण्यांत दहा ते तीस टक्के असे आकडे येतात, आणि पौगंडावस्थेत नव्याने फिट्स सुरू होण्याचा एक काळ असतो. म्हणून ऑटिझमच्या बहुतेक चाचण्यांत फिट्सचा इतिहास असलेल्या मुलांना घेतच नाहीत. ज्या गटाला वगळून सुरक्षितता तपासली, त्याच गटाला ‘काही होत नाही’ असं सांगणं चुकीचं आहे.

आधी फिट आलेली नसली तरी कुठल्याही मुलाच्या बाबतीत पुढच्या गोष्टी विचारल्या गेल्याच पाहिजेत: कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), डोक्यात क्लिप किंवा शंट (मेंदूत साचलेलं पाणी काढणारी नळी), पेसमेकर, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर (फिट्ससाठी मानेतल्या नसेला जोडलेलं यंत्र), डोळ्यात धातूचा कण, डोक्याला मोठा मार, घरात कुणाला अपस्मार, आणि चालू असलेली सगळी औषधं. शंटचा व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने बदलायचा असेल तर टीएमएसने त्याचं सेटिंग सरकू शकतं. रात्रीचं जागरण आणि ताप फिटचा उंबरठा खाली आणतात. त्या दिवशी सेशन रद्द. कोर्स चालू असताना फिटच्या किंवा झोपेच्या औषधाचा डोस बदलला तर मोटर थ्रेशोल्ड पुन्हा काढायचा, कारण जुना जोर आता जास्त ठरू शकतो. आणि सेशनसाठी म्हणून व्हॅल्प्रोएट कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.

फिट आलीच तर काय, हे सेंटरमध्ये पाऊल टाकताच विचारा. उत्तर असं हवं: मशीन बंद, मुलाला खुर्चीतून खाली कुशीवर, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा मिडाझोलॅम स्प्रे, ज्याचा डोस वजनावरून आधीच लिहून ठेवलेला आहे, ऑक्सिजन आणि डॉक्टर त्याच मजल्यावर. कांदा आणि चप्पल हुंगवणारे लोक अजून आहेत, टेक्निशियनमध्येही.

आमच्या मुलाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, न्हावी डोक्याला हात लावू देत नाही. एका सरकारी संस्थेत चाचणीसाठी त्याची निवड झाली आहे. वय ९. त्याला तयार कसं करावं?
एक वडील, कोल्हापूर

चांगला प्रश्न. अर्ध्याहून जास्त अडचणी यातूनच निघतात.

टीएमएसचं कॉइल दर ठोक्याला टक्‌ असा आवाज करतं आणि तो १०० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे घालणं ऐच्छिक नाही. मूल घालू देत नसेल तर सेशन होणार नाही, एवढं पक्कं धरा. फोमचे मोठ्यांच्या मापाचे बोळे लहान कानातून निसटतात, म्हणून लहान साइझ मागा. हेडफोनसारखे इअरमफ चालतील, पण पट्टी डोक्यावरून जाणारे नकोत, कॉइलच्या आड येतात. मानेमागून पट्टी जाणारे मिळतात. हे सगळं घरी आधी दोन आठवडे रोज पाच-दहा मिनिटं घालायची सवय करा.

आवाजाची सवय अशी: संस्थेत जाऊन त्याच मशीनचा आवाज फोनवर टेप करा. घरी मुलाच्या आवडत्या खेळाच्या वेळी अगदी हळू लावा, आणि मूल दुर्लक्ष करू लागलं की दोन-तीन दिवसांनी एक घर वाढवा. कान झाकले की एक घर मागे. खुर्ची, कॉइल, टेक्निशियन यांचे फोटो काढून चार पानांची चित्रगोष्ट करा. शेवटच्या पानावर सेशननंतर काय मिळणार ते असू द्या, आणि ते खरंच द्या. डोक्याला स्पर्श सहन व्हावा म्हणून पोहण्याची टोपी घालून टीव्ही बघायला बसवणं उपयोगी पडतं. मापं घेताना तशीच घट्ट टोपी घालतात.

पहिल्या दिवशी ठोके नकोतच. टेक्निशियनने आधी स्वतःच्या हातावर कॉइल धरून ठोका द्यावा, बोट उडतं ते मुलाला दाखवावं, मग मुलाच्या हातावर एक. ही गंमत बहुतेक मुलांना आवडते. मोटर थ्रेशोल्ड काढायला दहा ते वीस मिनिटं लागतात. आणि इथे एक गोची आहे: मेंदू ते हात ही वाट पक्की व्हायला पौगंडावस्था उजाडते, त्यामुळे लहान मुलांचा थ्रेशोल्ड चढा असतो आणि दहाच्या आतल्या कित्येक मुलांत मशीन पूर्ण जोरावर नेऊनही अंगठा हलत नाही. मग डोस कशावरून ठरवणार? चाचणीच्या आराखड्यात याचं उत्तर लिहिलेलं असतं. तिथे विचाराच.

कॉइलची जागा हा दुसरा कळीचा मुद्दा. मोठ्यांत जुनी पद्धत होती, अंगठ्याच्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे. लहान डोक्यावर तेच पाच सेंटिमीटर भलत्या ठिकाणी पडतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत टेप लावून टक्केवारीत जागा काढली पाहिजे, नाहीतर मुलाच्याच एमआरआयवरून. मूल हललं आणि कॉइल एक-दीड सेंटिमीटर सरकलं तरी ठोका शेजारच्या भागात जातो. कागदावर सेशन पूर्ण, प्रत्यक्षात उपचार दुसऱ्याच जागेवर. म्हणून सेशन किती लांब आहे ते बघा. सेकंदाला एक ठोका या वेगाने १,२०० ठोके म्हणजे वीस मिनिटं बसणं. थीटा बर्स्ट पद्धतीत तीन-तीन ठोक्यांचे झुपके देतात, दोन सेकंद चालू, आठ सेकंद बंद, आणि ६०० ठोके साधारण सव्वातीन मिनिटांत संपतात. न बसणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

दोन गोष्टींना ठाम नकार द्या. एक, मुलाला दाबून धरणं. दुसरी, झोपेचं सिरप. ईईजीसाठी ट्रायक्लोफॉस देतात, ते ठीक. पण टीएमएससाठी मूल जागं हवं, गुंगीत मेंदूचा प्रतिसादच बदलतो आणि मोजलेला डोस निरर्थक ठरतो.

सेशननंतर डोकं दुखणं, कॉइलखाली टाळू हुळहुळणं, ठोक्याबरोबर भुवई किंवा गाल उडणं हे अपेक्षित आहे. तुमचा मुलगा सांगू शकत नसेल तर ‘दुखतंय’ आणि ‘बंद करा’ अशी दोन चित्रकार्डं त्याच्या हाताशी ठेवा. ‘बंद करा’ दाखवल्यावर मशीन खरोखर लगेच बंद व्हायला हवं. सराव घरी करा: गुदगुल्या चालू, कार्ड दाखवलं की बंद. चिडचिड, झोप, जेवण यांची रोज एका ओळीत नोंद ठेवा. जास्त चंचल किंवा रडवेलं झालं तर चाचणीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

चाचणीत भाग घ्या म्हणून बारा पानी फॉर्म दिला आहे. त्यात काय बघायचं? आणि चाचणी चालू असताना बाकीच्या थेरपी बंद कराव्या लागतात का?
एक आई, मडगाव

चाचणी नोंदलेली आहे का, ते आधी बघा. फॉर्मवर सीटीआरआय आणि पुढे आकडे असा क्रमांक असतो. भारताच्या चाचणी नोंदवहीच्या वेबसाइटवर तो टाकला की किती मुलं, कुठलं वय, किती ठोके, कुठल्या स्केलवर मोजणार, सगळं कुणालाही दिसतं. चाचणी सुरू होण्याआधी नोंद झालेली हवी. त्यात लिहिलेला डोस आणि तुम्हाला सांगितलेला डोस एक आहे का, ते ताडून बघा.

चाचणीतल्या उपचाराचे आणि तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे, चाचणीच्या नावाची विक्री. फॉर्मवर नीतिसमितीचा पत्ता आणि फोन, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, मधेच सोडता येईल का (आलंच पाहिजे, कारण न देता), आणि खोटं मशीन मिळालेल्या मुलांना नंतर खरं मिळणार का, हे सगळं असलं पाहिजे. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचीही संमती घ्यायची असते: बारापर्यंत तोंडी, बारा ते अठरा लेखी. फॉर्म कोंकणी किंवा मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मोजणी कशावर होणार ते वाचा. फक्त पालकांनी भरायची यादी असेल तर चाचणी कच्ची. मुलाला प्रत्यक्ष खेळताना पाहून, कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्या माणसाने गुण द्यावेत.

थेरपी बंद करू नका. बहुतेक आराखड्यांत चालू थेरपी तशीच ठेवायला सांगतात, फक्त मधेच नवीन काही सुरू करायचं नाही. तुमच्या गोव्यातच ‘संगत’ संस्थेने एक काम केलं आहे, त्याची माहिती घ्या. मूल आणि आई-वडील खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग त्यांच्याबरोबर बसून तो बघायचा आणि मुलाने केलेला कुठला इशारा आपल्या नजरेतून सुटला, ते शोधायचं. हे शिकवणाऱ्या तज्ज्ञ नव्हेत, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या. गोवा आणि रावळपिंडी मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली, सहा महिन्यांत बारा भेटी. आई-वडील मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली, हा फरक तुलनेच्या गटापेक्षा स्पष्ट होता. त्याला मशीन लागत नाही आणि म्हणून त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

माझी नात न्यू जर्सीत असते. तिथे ईईजी बघून टीएमएस देणारी क्लिनिक्स आहेत. अमेरिकेत चालतं म्हणजे मंजूर असणारच ना?
आजोबा, ठाणे

नाही. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, टीएमएसला २००८ मध्ये मोठ्यांच्या डिप्रेशनसाठी, २०१८ मध्ये ओसीडीसाठी आणि २०२४ मध्ये पंधरा ते एकवीस वर्षांच्या मुलांच्या डिप्रेशनसाठी, इतर उपचारांच्या जोडीला म्हणून, परवानगी दिली. ऑटिझमसाठी कुठल्याही वयात दिलेली नाही. एकदा मशीनला एका आजारासाठी मंजुरी मिळाली की डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ते दुसऱ्यासाठी वापरू शकतात, त्या वाटेने ही क्लिनिक्स चालतात. विमा कंपन्या बहुधा पैसे देत नाहीत. नातीच्या आई-वडिलांना सांगा, पैसे भरण्याआधी जवळच्या विद्यापीठात चाचणी चालू आहे का, ते अमेरिकेच्या सरकारी नोंदवहीत शोधा.

टीडीसीएसचं मशीन ऑनलाइन पंधरा-वीस हजारांत मिळतं. यूट्यूबवर बघून घरीच लावलं तर? मुलगी सात वर्षांची आहे.
एक आई, लातूर

लावू नका. कारणं सांगतो, म्हणजे कुणी आग्रह केला तर तुम्हाला उत्तर देता येईल.

मुलांची कवटी पातळ असते आणि मेंदूभोवतीचं पाणी कमी. कॉम्प्युटरवर डोक्याची प्रतिकृती करून पाहिलं तर मुलाला दिलेला १ मिलिअँपियर मोठ्या माणसाला दिलेल्या २ मिलिअँपियरइतकं काम करतो. ऑनलाइन मशीन बहुधा मोठ्यांना धरून बनवलेलं असतं. शिवाय प्रवाह किती, यापेक्षा तो किती जागेत वाटला गेला ते महत्त्वाचं. ५ गुणिले ५ सेंटिमीटरच्या स्पंजातून १ मिलिअँपियर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.०४; लहान डोक्याला बसतो म्हणून ३ गुणिले ३ चा तुकडा कापून लावला की तेच ०.११ होतं, जवळजवळ तिप्पट. भाजल्याच्या जखमा होतात त्या इथे, आणि स्पंज मधेच वाळला की. नळाचं पाणी वापरल्यानेही होतात. उलट स्पंज निथळता ठेवला तर पाणी ओघळून दोन्ही स्पंज जोडले जातात आणि प्रवाह मेंदूत न जाता कातडीवरून निघून जातो.

इस्पितळात किंवा चाचणीत रीतसर टीडीसीएस होणार असेल, तर आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा आणि सकाळी तेल लावू नका. तेलकट टाळूवर मशीन रोध जास्त दाखवतं आणि टेक्निशियन स्पंज आणखी भिजवत बसतो. कपाळावरची टिकली, धातूचे चाप, कानातले काढून ठेवा. डोक्यात उवा खाजवून झालेले ओरखडे, पुळी किंवा डास चावल्याची गांधी स्पंजाच्या जागी असेल तर तो दिवस सोडायला सांगा. सेशननंतर तासाभरात जाणारा लालसरपणा चालतो. कडा असलेला तपकिरी डाग किंवा फोड दिसला तर फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि जागा भरून येईपर्यंत पुढचं सेशन घेऊ नका.